पुसलेली फुली

राजश्री,

आलीस की सगळं सोडून आधी सासवडला तुझ्या भावाला फोन कर. तुझा फोन घरीच राहिला. मला तो उघडता येत नाही आणि भावाचा नंबर माझ्याकडे नाही. त्याला सांग, महेंद्र तुमच्या शेफालीला घेऊन पोचला की फियाटची चावी काढून घे. दिवे घाट चढताना एक वेळ निभेल, पण गाडी खाली उतरवायची नाही.

फियाटला पुढचे डिस्क ब्रेक बसवण्याआधी शेडमध्ये डिस्कची दोन खोकी होती. झिजलेल्या डिस्कच्या खोक्यावर मी खडूने फुली मारली होती. खंडेनवमीला पूजेसाठी तू दोन्ही खोकी पुसलीस. तुझी चूक नाही. मी नुसत्या आठवणीवर पुन्हा फुली मारली आणि दुसऱ्या खोक्यातल्या डिस्क बसवल्या. आज ते फुलीचं खोकं भंगारात द्यायला उघडलं, तर आत चांगल्या डिस्क निघाल्या. कडेला कोरलेली जाडी वाचली, मापून पाहिली, बरोबर भरली. म्हणजे झिजलेल्या डिस्क गाडीला लागल्या आहेत. पॅड नवे असेपर्यंत काही कळत नाही. पण डिस्क पातळ असली आणि पॅडही झिजले की पिस्टन फार बाहेर येतो, ब्रेकचं तेल गळून जातं आणि ब्रेक लागतच नाही.

महेंद्र गाडी चालवताना फोन उचलत नाही. ती सवय मीच लावली. शेजारच्या दाभाड्यांची स्कूटर घेऊन मी महेंद्रच्या मागे निघालो आहे.

सकाळी निघताना तो म्हणाला, "आबा, ब्रेक जरा खाली जातोय."

मी म्हणालो, "जा बिनधास्त, मी बसवलाय."

आबा