टेबलाखालची पुस्तिका

दादा,

इंटरनेट सुरू झालंय. लगेच मिशीला पीळ देऊ नकोस, ते मी सुरू केलंय.

नवं मोडेम कार्ड तू कॉम्प्युटरमध्ये नीट बसवलंस, पण जुनं काढायचा आळस केलास आणि फोनची वायर त्या जुन्यातच खोचलीस. दोन्ही भोकं सारखी दिसतात, म्हणून तर कार्डाबरोबरच्या पुस्तिकेत चित्र दिलंय. ती तू टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवलीस! वर आठवडाभर कंपनीच्या माणसाला फोनवर झाडलंस, आणि बाबांना सांगितलंस की मी फडकं मारलं म्हणून बिघडलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

वायर बदलल्याबरोबर माझी नोकरीच्या मुलाखतीची अडकलेली मेल आली. मुलाखत आजच आहे, म्हणून न जेवता पळतेय.

मी परत येईपर्यंत बाबांना खरं काय ते तुझ्या तोंडाने सांगितलेलं असू दे. नाहीतर वायर परत जुन्या भोकात जाईल, मग बस बोंबलत.

पुस्तिका मी पर्समध्ये नेतेय. टेबल डुगडुगेल. पायाखाली तुझी हुशारी सरकव, नाहीतरी ती रिकामीच असते.

– धाकटी