अंदाज न करणारा कॅमेरा

१० नोव्हेंबर, सकाळ
खापा रस्त्यावरील रुपरावांच्या संत्र्यांच्या शेडमध्ये यांत्रिक हात आला. त्यावर नवा कॅमेरा. तो बसविणारी इंजिनिअर माझीच नात दीक्षा. तिने सांगितले की, इतर कंपन्यांचे कॅमेरे स्वतःचा प्रकाश फेकून अंतर मोजतात. उन्हात व मेण लावलेल्या फळांच्या चकाकीत ते फसतात. हा माणसासारखा दोन डोळ्यांनी पाहतो. यात विशेष ते काय? दोन डोळे मलाही आहेत. पेट्या भरण्याची माझी जागा यंत्रास मिळू द्यावयाची नाही, असा निश्चय केला.

११ नोव्हेंबर
चहा बशीबाहेर सांडला. सुनेने बशी जागेवर ठेवली नव्हती. शेडची पायरीही गवंड्याने चुकीची बांधली आहे. गुडघा फुटला.

१३ नोव्हेंबर
यंत्राशी शर्यत लावली. जिंकल्यास जागा माझी, हे रुपरावांनी मान्य केले. प्रकाश अत्यंत सदोष. त्यामुळे माझा हात वारंवार संत्र्याच्या बाजूने गेला. सोबत काम करणारी वच्छला सर्वांदेखत म्हणाली, काहून गा देवाजीबुवा, पेटीत हवा भरून राहिले का? सगळे हसले. असभ्य बाई. शर्यत मी अनिर्णित मानतो. रुपराव तसे मानत नाहीत.

१४ नोव्हेंबर
कॅमेऱ्याचे वेगळेपण दाखविण्यासाठी दीक्षाने त्याची एक काच फडक्याने झाकली. हात तत्काळ थांबला. ती म्हणाली, बाकीचे कॅमेरे अंदाजानं हात मारतात, याले नीट दिसलं नाही तर हा थांबते. मी म्हणालो, भित्रे यंत्र. मी कधी थांबत नाही. ती हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग तळहाताने माझा डावा डोळा झाकून विचारले, आबा, किती बोटं? वडीलधाऱ्यांची अशी परीक्षा घेऊ नये, असे बजावले. ती म्हणाली, सांगा न आबा. मी तीन म्हणालो.
तिने बोटे दाखविलीच नव्हती, हे वच्छलाने सांगितले. हळू आवाजात. आज कोणी हसले नाही.

१७ नोव्हेंबर
धंतोलीत डोळ्यांचा दवाखाना. उजवा काचबिंदूने पूर्वीच गेला, परत येणार नाही. डाव्याचीही नजर आक्रसते आहे. औषधाचे थेंब चुकले तर तोही जाईल. डॉक्टर फारच कोवळा. दुसऱ्यास दाखविणार.
शेडची हवा मानवत नसल्याने काम सोडत आहे, असे रुपरावांस कळविले. त्यांनी लगेच होकार दिला. किंचित आग्रह करावयास हरकत नव्हती.

१८ नोव्हेंबर, सायंकाळ
दीक्षा म्हणाली, थेंब मी टाकून देते न, काहून हट्ट करून राहिले? मी तिला खोलीबाहेर काढले. चौथी उत्तीर्ण मनुष्यास हे सहज जमते.
पहिला थेंब मिशीत. दुसरा कानाजवळ. बाटलीचे तोंड सदोष आहे. तिसरा कुठे गेला, समजले नाही.
दार उघडले. दीक्षा तिथेच उभी होती. बाटली तिच्या हाती दिली, खुर्चीवर बसलो आणि मान मागे टाकली.