वार पुरी आली का

बाई, तुमची आठवण आली की माझा हात अजून डोक्यावरची टोपी सारखी करायला जातो. आता नर्सच्या टोप्या गेल्या, तुम्हालाही जाऊन पंधरा वर्षं झाली. पण मला तुमची भीती वाटायची ती वाटतेच.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. इस्लामपूरच्या त्या लहान दवाखान्यात मी नवीन, तुम्ही मोठ्या सिस्टर. कडेगावकडची एक पोर आली होती, पाचवा महिना. सांगलीच्या सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याला कवटीच नाही असं निघालं होतं. गर्भ पाडायला दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या आणि नळीतून ते पिवळं औषध आत सोडलं. तिनं माझा हात धरला. "सिस्टर, ह्या औषदानं मी मरणार तर न्हाई न्हवं?" मी नाही म्हणाले, मला काय ठाऊक होतं? तुम्ही मला बाजूला घेऊन बजावलंत, "औषध आपलं काम करतंय. पण बाळामागून पडते त्या वारेचा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. वार धुवायची, उलटून बघायची आणि मग मला हाक मारायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं बाहेर आलं. तिची सासू पदर तोंडाला लावून दारात उभी. "आवं बाई, ते आमास्नी द्या. पुरून येतो. कुत्र्यामांजरानं वडाया नगं." मला गलबलून आलं. मी बाळ आणि वार फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. तुम्ही आत येऊन विचारता, "वार पुरी आली का?" आणि मी म्हणते, "हो, बघितली."

तासाभरात चादर भिजली. मी बघितलीय म्हटल्यावर तुम्ही वार राहिल्याचा विचारच केला नाही. पोट चोळत राहिलात, इंजेक्शनं दिलीत. पोर पांढरी पडत चालली. शेवटी सासूच बोलली, "मी तर तवाच पुरलं की सगळं. कुणी बघितलं न्हाई." तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि डॉक्टरांना म्हणालात, "तुकडा राहिलाय. माझ्याकडून बघायचं राहिलं."

डॉक्टर सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. पिशवी साफ केली, दिरानं रक्त दिलं, पोर वाचली. तुम्ही मला नंतर एका शब्दानं विचारलं नाहीत. आता गर्भ पाडायला गोळ्या आल्यात. नव्या मुली विचारतात, धोका असतो का हो? मी त्यांना वार बघायला शिकवते आणि ही गोष्ट सांगते, पण त्यात चुकलेली नर्स दुसरीच कुणी असते.

हे पत्र तुमच्या मुलाला द्यावं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण देणार नाही. त्या पोरीची पिशवी साफ करत होते तेव्हा मी दाराबाहेर हात जोडून उभी होते. तुम्हाला वाटलं असेल, तिच्यासाठी. बाई, मी मागत होते ते एवढंच, की एवढं बोलणं खाऊनही तुम्ही माझं नाव घेऊ नये.