शेफिल्डची धूळ

२७ जानेवारी १९९६

शेफिल्ड! आमच्या लेकीच्या, मैत्रीच्या वर्गाला इंग्लंडच्या कारखानदारी शहरांवर प्रोजेक्ट दिलाय – कुणाला फारशा माहीत नसलेल्या गोष्टी शोधा. चिठ्ठीत हिला शेफिल्ड आलं. आणि शोधायचं कुणी? आईने! इथे आखातात दंगली चालल्यात; सनाबिसकडे पुन्हा टायर जाळलेत, शाळेची बस लांबून फिरून आली. माझा जीव टांगणीला, आणि ही बाई दारातूनच विचारते, "आई, फॅक्ट्स मिळाले?"

ह्यांचा खोकला आज फार. नळ सोडून बाथरूममध्ये खोकतात. मला ऐकू येत नाही असं वाटतं त्यांना.

३० जानेवारी

आपल्या भाजीच्या सुरीवर 'शेफिल्ड' कोरलंय! इतकी वर्षं कांदे चिरतेय, कधी वाचलंच नाही.

आणखी सापडलं. १८६४ साली धरण फुटलं, एका रात्रीत अडीचशेच्या आसपास माणसं वाहून गेली. संघटनेची वर्गणी न देणाऱ्या कारागिराच्या सुऱ्या घासायच्या चाकाचा पट्टा गायब व्हायचा. तरी ऐकलं नाही तर घरात बंदुकीची दारू उडवायचे! मैत्री खूश. मला मात्र ते शहर आवडेना.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रज्योत भावजी कामगारांच्या कॅम्पातून जेवायला आले. ह्यांनीच धाकट्या भावाला व्हिसा काढून आपल्या शेडमध्ये आणलं. जहाजाच्या पत्र्यावर वाळूचा मारा करून गंज काढायचा. ह्यांनीही आठ वर्षं तेच केलं, आता सुपरवायझर.

विषय निघालाच. व्हिसा रिन्यूअलसाठी कंपनीने यंदा छातीचा एक्स-रे लावलाय. डाग दिसला की खलास – परत अकोला! मग मैत्रीची शाळा, हे घर, सगळंच गेलं.

भावजी म्हणाले, "दादाच्या नावानं मी जातो ना! माझं रिन्यूअल तं पुढच्या साली हाये. काहून घाबरता वहिनी?"

ओळखपत्रावरचा फोटो ह्यांचा तरुणपणीचा. अगदी भावजीच. शेडचा ड्रायव्हर मुख्तार त्यांना सोडायला आला होता, तोही म्हणाला, "चेहरा कौन देखता है, भाभी!"

हे नको म्हणाले.

मी म्हणाले, जा.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वंदना. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या ओळीवर हे अडखळले. मी आवाज चढवला आणि पुढे रेटलं. मैत्री बघत होती.

दुपारी तिला शेफिल्डच्या घासणाऱ्यांचं वाचून दाखवलं. चाकावर ओणवं होऊन सुऱ्या-काटे घासायचे, धूळ छातीत. काटे घासणारे कोरड्या दगडावर काम करत, त्यांना तिशी ओलांडणं कठीण. धातूचे कण अडवायला कुणीतरी चुंबकाचा मुखवटा बनवला – आणि कारागिरांनी तो लावलाच नाही! माणसं जास्त जगली तर कामाला हात वाढतील, मजुरी उतरेल, म्हणे.

"सो स्टुपिड!" मैत्री म्हणाली.

जेवायला आलेले भावजी सगळ्यांत मोठ्याने हसले. "मी तरी कुठं घालतो ते कंपनीचं टोपडं! डोकं शिजते त्याच्यात. ओला गमछा बांधला का झालं. दादा तं आठ वर्षं ते घालून, नवरीवाणी पदर घेऊन होता!"

ह्यांनी ताट सरकवलं. "घालत जा." एवढंच बोलले.

मैत्रीला म्हटलं, हे नको लिहूस प्रोजेक्टमध्ये. "बट आई, इट्स जस्ट हिस्टरी!"

१२ फेब्रुवारी

झालं! भावजी एक्स-रे काढून आले. कुणी मान वर करून पाहिलं नाही. शर्ट काढा, श्वास रोखा, यल्ला – चला, पुढचा! मी खीर केली. भावजींनी वाटीवर वाटी रिचवली, दंडाच्या बेटकुळ्या काढून मैत्रीला हसवलं. काय छाती आहे ह्या माणसाची! देवमाणूस मिळालाय मला दीर.

हे खोकत होते, पण हसतही होते. किती दिवसांनी!

२४ फेब्रुवारी

ईदची सुट्टी संपली. मैत्रीने घासणारे लिहिलेच. तेही सर्वांत वर. पहिला नंबर आला म्हणून रागावता येईना.

२६ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. विश्वजीत – ह्यांचंच नाव. दोन्ही फुप्फुसांत डाग, धुळीचा विकार, कामास अपात्र. व्हिसा नाही.

मी भडकले! कुणीतरी चुगली केली, मुख्तारच असणार, नाहीतर क्लिनिकवाल्यांनी फिल्म बदलली. भावजींच्या छातीत डाग कुठून येणार? ह्यांनी रिपोर्ट उलटा ठेवला आणि बूट घालून कुठेतरी निघून गेले.

२८ फेब्रुवारी

हे दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन स्वतःचा एक्स-रे काढून आले. छाती स्वच्छ. खोकला सिगारेटचा, म्हणे.

फिल्म बदललेली नव्हती. भावजींचीच होती. त्यांना अजून काही माहीत नाही. शुक्रवारी जेवायला येतायत, खीर करा म्हणालेत.