पावडर बदलून पाहिली

८ मार्च, रविवार

महिला दिन. क्लबहाऊसमध्ये प्रत्येक बाईला एक गुलाब आणि कपडे धुण्याच्या लिक्विडचं एक पाऊच. चेअरमन म्हणाले, "समस्त स्त्रीशक्तीला सोसायटीतर्फे छोटीशी भेट." पुढच्या वर्षी फरशी पुसायचं द्या म्हणावं. टाळ्या वाजवल्या, घरी आले, पाऊच ड्रॉवरमध्ये टाकलं. विकतच्यांनी काही होत नाही तिथं हे फुकटचं काय करणार.

मशीनमधून सासूबाईंची पांढरी साडी काढली. चहा गाळायच्या फडक्यासारखी दिसत होती. निळा काठ चांगला आहे, त्यामुळे मधला भाग आणखीच मळका वाटतो. सा.बा.नी ती हातात घेऊन पाहिली. दुपारी बाथरूममधून पाण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर साडी बादलीत आणि त्या स्टुलावर बसून ती परत धुतायत. मशीनमधून निघालेली साडी! लपून नाही, दाखवूनही नाही.

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

१२ मार्च, गुरुवार

निळं पाकीट बंद, पिवळं सुरू. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'एकाच धुण्यात शुभ्र', मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'उत्तम परिणामासाठी रात्रभर भिजवा'. रात्रभर भिजवलं. साडी होती तशीच, वर हाताला खरखरीत.

प्र. म्हणतो, पावडर कमी पडत असेल. हा माणूस लग्नानंतर एकदाही मशीनचं बटण दाबलेला नाही, पण सल्ला तयार. तरी दुप्पट घातली. फेस काही आला नाही, तळाशी पिठल्यासारखा थर मात्र आला.

२१ मार्च, शनिवार

मैत्री शाळेतून आली ती दप्तर आपटूनच. "मम्मा, पीटीच्या लाईनमध्ये सगळे व्हाईट आणि मी एकटी ऑफव्हाईट. मिस म्हणाल्या, नवीन ड्रेस घ्या." नवीन ड्रेस दिवाळीत, या घरात आल्यावरच घेतलाय.

सा.बा. म्हणाल्या, "तिला ओरडू नकोस, वैशाली. तिचं काय चुकलं?"

म्हणजे माझं चुकलं. बरोबर.

२ एप्रिल, गुरुवार

पौर्णिमा. सा.बा. विहारात गेल्या नाहीत. इतक्या वर्षांत तापात गेल्यात, पण पौर्णिमेची वंदना चुकवलेली मी पाहिलेली नाही. पांढरी साडी नेसायची, चष्मा पुसायचा, निघायचं. मंगळवार पेठेत होतो तेव्हा त्रिशरण-पंचशील त्याच पुढं म्हणायच्या, बाकीच्या बायका मागून. तीस वर्षं कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवलंय, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. दर पौर्णिमेला पुढं उभं राहणाऱ्या बाईची साडी सगळ्या बघतात.

कारण सांगितलं: गुडघा दुखतोय. संध्याकाळी मैत्रीबरोबर बागेला चांगल्या फेऱ्या मारताना दिसल्या. गुडघा ठणठणीत आहे.

प्र.ला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "इथल्या गावातलं विहार नवीन आहे, ओळखी व्हायला वेळ लागतो." मग लगेच, "आई खोल्यांचं काही बोलली का?"

मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या सा.बा.च्या नावावर आहेत. कुलूप लावून ठेवल्यात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. त्या विकल्या की आमचे हप्ते हलके होतील, असं प्र.चं गणित. सा.बा.चं उत्तर एकच, बुद्ध पौर्णिमेनंतर सांगते.

५ एप्रिल, रविवार

प्र. भाजीला मार्केट यार्डात गेला आणि तिकडून सुट्या पावडरीचं पोतं घेऊन आला. पाकीट नव्हे, पोतं! "घाऊक आहे. हॉटेलवाले हीच वापरतात." चेहरा असा की गड जिंकून आलाय.

वास असा की मला सलग शिंका. कपडे वाळल्यावर पापडासारखे उभे राहतात. पोतं बाल्कनीत ठेवलंय. ज्या बाल्कनीसाठी हा फ्लॅट घेतला, तिथं आता खुर्ची मावत नाही.

८ एप्रिल, बुधवार

मैत्रीच्या मानेवर पुरळ. पोतं बंद.

गावठाणातल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "मॅडम, ही न्या. आख्खं गाव हीच वापरतंय. लई भारी हाय, कापड कसं आरशागत निघतंय." त्यांच्या अंगातला सदरा बघितला तेव्हाच मागं फिरायला हवं होतं. तरी घेतली. स्वस्त होती ना.

अर्धी पाकिटं सिंकखाली जमा झालीत. एकही संपत नाही, एकही टाकवत नाही. ऑफिसातल्या बायका म्हणतात अमुक वापर, तमुक वापर. त्यांच्या ओढण्या बघते मी हल्ली, तोंडाकडे बघतच नाही. वेड लागायची पाळी आहे.

११ एप्रिल, शनिवार

काय करून बसले.

१४ एप्रिलला सा.बा.ना साडी एकदम पांढरीशुभ्र हातात द्यायची, असं डोक्यात. त्या मैत्रीला घेऊन वह्या आणायला गेल्या होत्या. टबात पाणी घेतलं, ब्लीच ओतलं, साडी बुडवली. जरा वेळानं बघते तर पांढरी व्हायचं सोडून पिवळी पडतेय. घाबरून आणखी ब्लीच ओतलं. पिवळ्याचे तांबूस डाग झाले, साडीभर, गंजलेल्या डब्यावर कापड ठेवल्यासारखे. नागपूरहून आणलेली साडी. सासरे होते तेव्हा दोघं मिळून गेले होते.

त्या आल्या तेव्हा मी टबाजवळच उभी होते. लपवायचं कुठं? सांगितलं. रडायला येत होतं, रडले.

त्यांनी साडीचं एक टोक उचललं, उजेडाकडे धरलं. म्हणाल्या, "पाण्यात लोह आहे. बोअरच्या पाण्यात ब्लीच घातलं की असंच होतं. सातवीला शिकवायचे मी."

"मग पावडरी बदलत होते तेव्हाच का नाही सांगितलंत, आई? महिनाभर चाललंय हे."

"फ्लॅट बघायला आलो तेव्हा विचारलं होतं, पाणी कुठलं? तुम्ही दोघं बाल्कनी बघत होतात."

आवाज चढवला नाही. हेच तर. आम्हाला तेव्हा बिल्डरच्या माणसानं सांगितलं होतं, टँकर आणि बोअर फक्त सुरुवातीला, कॉर्पोरेशनची लाईन येतेच आहे. ती येतेच आहे.

तुरीची डाळ शिजत नाही, नळांना पांढरे खवले, केस गळतायत. सगळं दिसत होतं. पण पाणी वाईट म्हटलं की फ्लॅट वाईट, आणि फ्लॅट वाईट म्हटलं की वीस वर्षांचे हप्ते वाईट. त्यापेक्षा पावडर वाईट म्हणणं सोपं होतं.

१४ एप्रिल, मंगळवार

सा.बा. निळी साडी नेसल्या. आजच्या दिवसाला निळी शोभतेच. पेठेतल्या जुन्या बायका भेटल्या, जय भीम झाला, फोटो झाले. एक मावशी म्हणाल्या, "बुद्ध पौर्णिमेला वंदना तुम्हीच घ्यायची हं, गुरुजी!" त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. सा.बा. नुसत्या हसल्या.

त्या दिवशी निळी चालणार नाही. हे त्या बोलल्या नाहीत, मीच स्वतःला म्हणतेय.

१९ एप्रिल, रविवार

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: पाण्याची तपासणी करून मिळेल का, कपडे खराब होत आहेत. सभ्य भाषेत, नमस्कार घालून.

चेअरमनांचं उत्तर: 'कृपया ग्रुपवर नकारात्मकता पसरवू नये. फ्लॅटचे दर पडतात.' खाली सतरा जणांचे अंगठे. त्यातल्या निम्म्या बायका लिफ्टमध्ये मला विचारतात, तुमच्याकडे कुठली पावडर?

घरात वेगळंच. प्र. चिडला. "तू ग्रुपवर टाकलंसच कशाला? लोक काय म्हणतील?"

"लोकांचेही कपडे पिवळेच आहेत."

"कपडे, कपडे, कपडे! दुसरा विषय नाही का घरात?"

आहे ना. तुझी आई पौर्णिमेला घराबाहेर पडत नाही, हा विषय आहे. म्हटलं नाही. दार जरा जोरात लावलं.

२२ एप्रिल, बुधवार

मशीनच्या नळाला लावायची एक नळी मिळते, पाणी मऊ करते म्हणे. आणली. लावणाऱ्यानं लावल्यावर सांगितलं, आतला मसाला दर महिन्याला बदलायचा. तो मसाला सगळ्या पावडरींपेक्षा महाग. वा. शिवाय लोह त्यानं जात नाही, त्याचं यंत्र वेगळं आणि ते अख्ख्या इमारतीला बसवावं लागतं. म्हणजे पुन्हा चेअरमन. म्हणजे पुन्हा नकारात्मकता.

२५ एप्रिल, शनिवार

सा.बा. मंगळवार पेठेत गेल्या. छोटी बॅग, त्यात दोन्ही पांढऱ्या साड्या. "पौर्णिमेपर्यंत राहते. खोल्या झाडून घेते." निघताना खडू शोधावा तसा आधी मैत्रीच्या टेबलाचा, मग माझ्या कपाटाचा ड्रॉवर उघडून काहीतरी घेतलं. काय ते विचारायचं राहिलं.

प्र. खूश. त्याला वाटतंय विकायच्या आधीची साफसफाई. रिक्षापर्यंत बॅग धरली त्यानं, प्रेमानं.

संध्याकाळी मैत्री त्यांच्या खोलीत बसून अभ्यास करत होती. एरवी तिथं बस म्हटलं तर कुरकुर करते. मी डाळ लावली, शिट्ट्या मोजायला कोणी नव्हतं. सकाळचा रेडिओ नाही, 'वैशाली, डबा घेतलास का' नाही.

मला त्या इथं हव्या आहेत. इथं लिहून ठेवते, तोंडानं म्हणायला जमत नाही. त्या शेजारच्या खोलीत आहेत म्हणून मी ऑफिसात निर्धास्त असते, हे एक. पण नुसतं तेवढंच नाही. त्या घरात असल्या की मी कमी चिडते.

१ मे, शुक्रवार

बुद्ध पौर्णिमा. आम्ही तिघं सकाळीच पेठेत. विहारात शिरलो तर सा.बा. पुढं उभ्या, हात जोडलेले. साडी पांढरी. नुसती पांढरी नाही, जुन्या फोटोतल्यासारखी पांढरी, निळा काठ झळकतोय. मला आधी वाटलं नवीन घेतली. जवळ गेल्यावर निऱ्यांत एक फिकट तांबूस डाग दिसला. तीच.

त्यांनी सुरुवात केली, मागून सगळ्या. आवाज भिंतीला लागून परत येत होता. मैत्रीनं माझा हात धरला. घरी तोंडातल्या तोंडात म्हणणारी पोरगी मोठ्यानं म्हणत होती.

खीर खाताना प्र. म्हणाला, "आई, मग आज चलतेस ना? बॅग घेऊ?"

"आज नको. बायकांनी उद्याला बोलावलंय."

३ मे, रविवार

मी एकटीच गेले, डबा घेऊन. खोल्यांच्या बाहेर दोरीवर दुसरी साडी वाळत होती, दूधपांढरी. नळाखाली बादली भरत होती. मी नुसती बघत राहिले. साधा कॉर्पोरेशनचा नळ. दहा वर्षं याच नळाखाली कपडे धुतले मी, आणि इथं जागा नाही, इथं जागा नाही म्हणून रोज कटकट केली.

"डाग कसे काढलेत?"

"लिंबाचं सत्त्व. आणि चांगलं पाणी. बाकी काही नाही."

"पावडर कुठली?"

त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. महिला दिनाचं पाऊच. कात्रीनं कोपरा कापलेला, वर रबर लावलेलं, अजून थोडं शिल्लक. माझ्या ड्रॉवरमधून त्यांनी हेच नेलं होतं. हसू आलं, मग त्याही हसल्या. किती दिवसांनी.

चहा झाला. खोल्या लखलखीत झाडलेल्या. खिडकीला पडदा नवीन. स्टोव्हशेजारी डाळीचा डबा, तांदळाचा डबा, दोन्ही भरलेले. चार दिवसांपुरतं कोणी एवढं भरत नाही. मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

"मैत्रीचा पीटीचा ड्रेस शनिवारी आणून देत जा. मी धुऊन ठेवीन."

"आई, तुम्ही घरी कधी येताय?" शेवटी विचारलंच.

त्या नळ बंद करायला उठल्या. बादली कडेला सरकवली, पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "कॉर्पोरेशनचं पाणी कधी येणार आहे गं तुमच्याकडे?"

तुमच्याकडे.

बसमध्ये पूर्ण वेळ तोच शब्द. घरी आले तर प्र. दारातच. "काय म्हणाली आई? किल्ली दिली?"

"पाण्याचं विचारत होत्या," म्हटलं, आणि मशीन लावायला गेले.