सोमवारची गाडी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गाडी सुरू झाली नाही!

लेकानं, संगमेशनं, पिकअपचं बॉनेट उघडलं. आत उंदराचं घरटं. चिंध्या, शेंगांची टरफलं, आमच्याच कडक भाकरीचे तुकडे. आणि पिल्लं— गुलाबी, डोळेही न उघडलेली. वायरी कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पडलेली.

त्यानं पान्यानं एकेक पिल्लू ठेचलं, तिथंच, इंजिनावर. मी तोंड फिरवलं. आवाज मात्र ऐकू येतच राहिला.

"तुमच्या त्या सोमवारनं घात केला, अव्वा!" माझ्यावर ओरडला. सासऱ्यांचे बैल सोमवारी जुंपत नसत. बैल गेले, पिकअप आली, तर ह्यांनी तिलाही तोच नेम लावला— सोमवारी बॉनेटला विभूती, दिवसभर विसावा. हे गेले, तरी नेम चालू आहे. विकायच्या भाकरी-चटणीच्या पोत्यांशेजारी गाडी गार पडून राहते, मग उंदरांना आणखी काय हवं!

सिद्धेश्वरी, माझी सून, हळूच म्हणाली, "पिल्लं बाहेर टाकायची होती की."

पाना तिच्या कानाजवळून गेला. भिंतीचा पोपडा उडाला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नंदीश आला, कोपऱ्यावरच्या गॅरेजातला वायरिंगवाला. बघून हसायलाच लागला. "काकू, जेवणावळ उठली की हितं! नवं वायरिंग मागवलं तर लई दिवस जातील. न्हायतर एकेक जोडत बसू."

जोडत बसलो. मी बॅटरीचा उजेड धरला, सिद्धेश्वरी टेप कापून देत होती. लाल लालला, पिवळी पिवळीला. मला कॉन्व्हेंटमधला भरतकामाचा तास आठवला. सिस्टर रुमाल उलटा करून बघायच्या. मागच्या बाजूला गाठ दिसली की सगळं उसवायला लावायच्या. खिडकीतून कडुनिंबाचा वास यायचा. किती शांत होतं तेव्हा!

दुपारनंतर सिद्धेश्वरी स्वतः जोड मारायला लागली. अगदी साफ. नंदीश म्हणाला, "वहिनी, गॅरेजला येता का माझ्या? माझी पोरं नुसती चहा पितात." तिघंही हसलो. सून या घरात मोठ्यानं हसलेली मला आठवत नाही.

संगमेश फाटकात उभा होता. कधीचा, कोण जाणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लिहवत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लिहायलाच हवं.

काल सकाळी गाडी सुरू झाली. संगमेश खूश दिसला. "बघू कुठं जोडलंस," सिद्धेश्वरीला म्हणाला. ती कौतुकानं वाकून दाखवायला लागली. हात आत होता. त्यानं बॉनेट आपटलं. मग त्यावर दोन्ही हातांनी रेटून उभा राहिला. "गॅरेजला जायचंय व्हय? जा की!"

मी त्याची पाठ बडवत होते. तो हलला नाही.

तिची दोन बोटं मोडली आहेत. नखं गेली. डॉक्टरांना मी सांगितलं, बॉनेट निसटलं. इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत बोललं की माणसं पुढचं विचारत नाहीत. सिद्धेश्वरी माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी कळतं.

लहानपणी बार्शीला माल पोचवून परत आलो की हाच पोरगा गरम बॉनेटवर पोट टेकून झोपायचा. हे त्याला उचलून आत आणायचे, गालावर धूळ असायची. तो गाल मी किती पुसलाय!

रविवार, ९ नोव्हेंबर

पिंजऱ्यात उंदीर सापडला. संगमेशनं उकळतं पाणी आणलं. सिद्धेश्वरीला समोर बसवलं. तिनं डोळे मिटले, तर हनुवटी धरून, "उघड. बघ नीट." मी पातेल्यावर झडप घातली. माझ्या पायावर सांडलं, उरलेलं पिंजऱ्यात.

तो मला म्हणाला, "लागलं का, अव्वा?" किती मायेनं विचारलं! त्याचीच जास्त भीती वाटली.

सोमवार, १० नोव्हेंबर

संगमेश सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेला. मी सिद्धेश्वरीला रिक्षात घातलं, स्टँडवर नेलं, अक्कलकोटच्या एसटीत बसवलं. तिचं माहेर तिथंच. बँडेजचा हात तिनं पदराखाली घेतला.

"अव्वा, तुम्ही?"

"नी होगु," तिच्या कन्नडात म्हणाले. तू जा. माझं कन्नड अजून कच्चंच आहे, पण ती रडली.

तो घरी आला. "कुठाय?" मी सांगितलं, माहेरी, मीच पाठवलं. ताटं भिंतीवर गेली. देवाची समई वाकली. मला हात लावला नाही. "उद्या उजाडू दे. केसाला धरून गाडीत टाकून आणतो. आणि तिचा बाप आडवा आला, तर त्यालाही बघतो."

उद्या! सोमवारला इतक्या शिव्या घातल्या, पण गाडी मात्र आज बाहेर काढली नाही. बॉनेटला विभूती स्वतः लावली. पडवीत घोरतोय.

एवढाच वेळ आहे मला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गाडी सुरू झाली नाही. संगमेशनं बॉनेट उघडून बघितलं. हे दातांचं काम नाही, हे त्यालाही कळलं. "नंदीशनं केलं. तिच्यासाठी!" त्याला फोन लावला, अगदी गोड आवाजात— ये, चहा प्यायला. आता पाना मांडीवर घेऊन पायरीवर बसलाय.

वायरी मी कापल्या. नंदीश फाटकात यायच्या आत हे सांगायला मला त्या पायरीवर पोचायचंय.