सातात दोन की बारात सात

दुसऱ्या पुरणपोळीचे मी चार सारखे तुकडे करत होतो, तेवढ्यात दिनकररावांनी पहिल्या पोळीचा तिसरा हिस्सा तुपात बुडवून खाल्ला. मामा, तुम्ही शिकवलेलं गणित तिथेच अडलं. (नमस्कार आधी लिहायचा असतो. तो इथे घ्यावा, आणि मामींनाही सांगावा. त्यांचा गुडघा आता बरा असेल. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, आणि मी जास्त आहे. ते तुमच्यामुळे. कसं ते सांगतो.)

काल माझ्या लग्नाची बोलणी होती. मुलगी लिंबाजींची कस्तुरा, म्हणजे शेजारच्याच शेतातली. मला पसंत आहे. (मला कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं म्हणून लिहितो.) दोन्ही शेतांना विहीर एकच, हे तुम्ही पाहिलं आहे. तिच्या पाण्यात लिंबाजींचा तिसरा हिस्सा, आमचा चौथा, उरलेलं वरच्या शेतांचं. लिंबाजींना मुलगा नाही, तेव्हा त्यांचं पाणी कस्तुराच्या मागोमाग आमच्या घरी येणार. दोन्ही मिळून हिस्सा किती होतो ते चार माणसांत एकदा बोलून घ्यावं, एवढंच ठरलं होतं.

त्यासाठी लिंबाजींनी आपले मेहुणे दिनकरराव यांना सेलूहून बोलावलं. ते तिथे कचेरीत कागदांच्या नकला करतात आणि बसताना उपरणं झटकून बसतात. त्यांनी क्षणात सांगितलं, वर एक आणि एक दोन, खाली तीन आणि चार सात; सातात दोन. सगळ्यांनी माना हलवल्या. लिंबाजींनी मात्र हलवली नाही. ते म्हणाले, “दोघाला मिळून सातात दोन, म्हंजी साडेतीनात एक. आज मला एकट्याला तिनात एक हाय. लेक बी द्यायची आन् पाणी बी कमी करून घ्यायचं व्हय?”

यावर बाबांनी काही बोलायला हवं होतं. पण बाबांचा चौथा हिस्सा साडेतीनावर येत होता, म्हणजे त्यांचं पाणी वाढत होतं, आणि ते त्यांना बसल्या जागी समजलं. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्यानं लिंबाजींची खात्रीच पटली. त्यांनी पागोटं मांडीवरून उचलून डोक्यावर ठेवलं. मामा, आमच्याकडे बोलण्यांच्या वेळी पागोटं डोक्यावर गेलं की माणूस उठतो, आणि उठलेला माणूस परत बसत नाही.

नवऱ्या मुलानं बोलू नये अशी रीत आहे. मी बोललो. शाळेत मास्तर छेदाला नस्बनुमा म्हणत आणि तो सारखा करून घ्या म्हणत. का करायचा ते सांगत नसत. मीही विचारलं नाही, कारण विचारायचं ते उर्दूतून. तुम्ही एका दुपारी पालमला भाकरी मोडून दाखवलीत आणि म्हणालात, “तुकडे सारके झाल्याबिगर मोजू नगंस. न्हाईतर हत्ती आन् उंदीर मिळून बी दोनच व्हत्यात.” ते वाक्य मला ऐन वेळी आठवलं. त्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

भाकरी मागितली तर आतून पोळ्या आल्या. (पाहुणे होते.) एकीचे तीन केले, दुसरीचे चार, पुढचं वर लिहिलंच आहे. तिसरी पोळी मागवली. या वेळी ताट मांडीवर घेऊन बसलो. तिचे सरळ बारा तुकडे केले, पुरण सांडत होतं ते बोटानं आत लोटत. तिसरा हिस्सा म्हणजे यातले चार, चौथा म्हणजे तीन, असं म्हणून वेगळे मांडले. लिंबाजी उभ्यानंच बघत होते. म्हणाले, “पोळीचा पार भुगा करायलाय की. ह्यो माझ्या पोरीला जेवू घालील का मोजून देईल?” आतून बायका हसल्या. त्यात एक हसणं कस्तुराचं होतं असं मला वाटलं, आणि मला घाम आला.

तेव्हा सुचलं. मी म्हणालो, हे तुकडे नव्हेत, पाण्याच्या पाळीचे दिवस आहेत. आपल्या विहिरीची पाळी बारा दिवसांची. त्यात तुमची मोट चार दिवस चालते, आमची तीन.

लिंबाजींनी वाकून तुकड्यांवरून बोट फिरवलं. “चार आन् तीन सात,” ते म्हणाले. “बारात सात. निम्म्याच्या वर जातंय की.” आणि खाली बसले. पागोटं परत मांडीवर आलं. बाबांनी सुस्कारा टाकला. तो आनंदाचा होता असं आपण धरू. दिनकरराव म्हणाले की पुरण छान झालं आहे.

बारा दिवसांची पाळी ज्या कुणी घातली त्याला तिसरा आणि चौथा एका मापानं मोजायची युक्ती ठाऊक असावी. त्याचं नाव गावात कुणाला माहीत नाही. तुमचं मला माहीत आहे, म्हणून दोघांचे आभार तुम्हालाच पाठवतो.

आपला भाचा,
बन्सीधर

ता. क. लिंबाजी आता मला हिशेबात पक्का समजतात. गावाखालच्या विहिरीत त्यांचा पाचवा हिस्सा आहे आणि त्यांच्या चुलत्याचा आठवा. दोन्ही मिळून किती, ते त्यांनी मला पुढच्या बाजारापर्यंत सांगायला सांगितलं आहे. मामा, त्या दुपारी भाकरी तिसऱ्या आणि चौथ्यापर्यंतच पुरली होती. पाचवा आणि आठवा मला येत नाही. उलट टपाली कळवावं. पत्र लिहिण्याचं कारण खरं तर हेच.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी लिंबाजींच्या घरून एक पुरणपोळी आली, अख्खी. सोबत कस्तुराचा निरोप होता की हिचे तुकडे करू नका. केले नाहीत. खाल्ली.